आधी मोती मोज

आधी मोती मोज, ओर्दिन म्हणतो.
राणीच्या खांद्यावरच्या पदकात नऊ.
आठ भरले तर नाणं परत कर, कॉफीचंही विचारू नकोस.
त्याच्या आजोबांकडे डोंगरातून पोती उतरवणारे
हेच करायचे, नखानं, एकेक मोती चाचपत.
चांदीचं पुढचं पुढे.

साल बघू नकोस.
साल सगळ्यांवर एकच, सतराशे ऐंशी, राणी गेली ते.
नंतर व्हिएन्नात, रोममध्ये, लंडनला,
एकदा लढाईच्या धामधुमीत मुंबईच्या टांकसाळीतसुद्धा
ती त्याच साली छापली जात राहिली
आणि तरी खरीच.
मग खोटं म्हणायचं तरी कशाला?
पहिल्या आठवड्यात मी विचारलं होतं.
त्यानं माझ्या तळहातावर दोन नाणी ठेवली
आणि जेवायला निघून गेला.

तेव्हापासून शिकतोय.
झीज कुठून सुरू होते: कानावरच्या केसांपासून,
मागच्या बाजूला गरुडाच्या छातीपासून.
खरी झीज उंचवट्यावर बसते, खोलगटात काळं राहू देते.
ओतीव नाण्यात सगळंच सारखं मऊ,
जसा साबण.
कडेवरची अक्षरं बोटानं वाच, डोळे मीट.
लिंबू आणि राख लावून कुणी घासून चकचकीत आणलं
तर ओर्दिनचा चेहरा पडतो,
कुणी म्हाताऱ्याची दाढी झोपेत भादरावी तसा.
निम्मा भाव, म्हणतो. काळं तुमचं नव्हतं, त्याचं होतं.

वाजवून बघायचं असेल तर थांबावं लागतं.
आमची गल्ली शिंप्यांची,
दिवसभर मशिनी गिरगिरतात,
त्या गोंधळात शिसंही चांदीसारखं गातं.

त्या शुक्रवारी जार्सोकडची सोरेत्ती आली.
ओढणीच्या गाठीत आईची माळ,
सात नाणी, प्रत्येकाला डोक्यावर कडी डाखलेली.
ओर्दिननं डाखणीकडे बघून जीभ टाळ्याला लावली,
च्‌च्‌, संग्राहकाला ही चालायची नाहीत,
चांदीच्या वजनानं घेईन.
ती म्हणाली, वजनानंच द्यायचीत.
मग अजान झाली. एकेक मशीन थांबत गेलं.
ओर्दिननं दगडावर टाकायला घेतली
आणि मला खूण केली, ऐक.

पहिलं खणखणीत. दुसरं. तिसरं, जरा बारीक, पण लांबवर गेलेलं.
सातवं बद्द.
तेच मधलं होतं, गळ्याच्या खाचेत बसणारं,
सगळ्यांत जास्त झिजलेलं,
राणीचं नाक पार सपाट.
मला वाटलं आता ही रडेल, किंवा भांडेल.

माहीत आहे, सोरेत्ती म्हणाली.
त्या वर्षी मका करपला, आईनं एक विकलं.
माझ्या लग्नात सासू मोजणार होती.
तिला सात हवे होते, वाजवून बघायचे नव्हते.
हरघेसाच्या वाटेवर कुणी एक बनवून देत असे,
एका कोंबडीला.

ओर्दिन काही बोलला नाही.
सहा तागडीत टाकली, मुळातलं वजन वहीत लिहिलं,
झिजेचं थोडं कापलं, कड्यांचं कापलं नाही.
हे मी पाहिलं. तिनंही पाहिलं असावं.
सातव्याबद्दल म्हणाला, हे ठेवून जा,
पोराच्या कानाला उपयोगी पडेल. पैसे देतो.
तिनं मान हलवली, नाही.
पण थांबली. म्हणाली, अजून एकदा वाजवू दे त्याला.

मी टाकलं.
ओल्या मातीवर खडा पडावा तसं.
मग हातात घेतलं तर कोमट होतं,
तिच्या मुठीतलं, की दुपारचं, कोण जाणे.

ती गाठ मारून गेली. मशिनी परत सुरू झाल्या.
किती होते, ओर्दिननं विचारलं.
मला वाटलं पैसे विचारतोय.
मोती रे, तो म्हणाला.
नऊ, मी म्हटलं. बसके, पण नऊ.
हं, म्हणाला,
आणि जेवायला निघून गेला.